रोटेनबुर्गचा नकाशा हातात घेताना : ‘मध्ययुगीन’ शहर वाचायचे कसे?

धागा 🧵

१/२३
जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, फ्रँकोनिया भागात, टाउबर नदीच्या खोऱ्यावरील एका उंच कड्यावर रोटेनबुर्ग नावाचे लहानसे शहर वसलेले आहे. ‘मध्ययुगीन युरोप’ असा शोध घेतला की ज्या शहरांची छायाचित्रे हमखास समोर येतात, त्यांपैकी हे एक. अखंड तटबंदी, उंच मनोरे, उतरत्या लाल कौलांची घरे, दगडी फरसबंदीच्या गल्ल्या. लोकवस्ती सुमारे ११ हजार. पाहायला येणारे मात्र जगभरातून येतात. त्यांपैकी अनेकांचे पहिले पाऊल पर्यटन माहिती केंद्रात पडते. तेथे नकाशा मिळतो, माहितीपत्रक मिळते, आणि त्यांच्यासोबत शहराकडे पाहण्याची एक दृष्टीही नकळत हाती येते. हा धागा त्या दृष्टीविषयी आहे.

२/२३
म्हणणे सुरुवातीलाच मांडलेले बरे. पर्यटकांसाठीचे माहितीपत्रक फेकून देण्याजोगे नसते, तसेच डोळे मिटून मानण्याजोगेही नसते. मराठी इतिहासाचे अभ्यासक बखरीला जी वागणूक देतात, तीच या पत्रकाला द्यावी. बखर कोणी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, कोणासाठी लिहिली, तिच्यात काय आले आणि काय गळले, हे विचारल्यावरच ती उपयोगी पडते. पत्रकाचेही तसेच आहे. ते मध्ययुगाविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक ‘मध्ययुग’ पाहायला येणाऱ्यांना काय आवडते याविषयी सांगते. रोटेनबुर्ग हे याचे बोलके उदाहरण आहे, कारण येथे ही गफलत केवळ तपशिलापुरती राहिली नाही. तिची किंमत माणसांना मोजावी लागली.

३/२३
सुरुवात बाजारचौकापासून करावी. तेथे नगरसभासदांच्या जुन्या पानगृहाची पंधराव्या शतकातील इमारत आहे. पर्यटन माहिती केंद्राचा कारभारही बरीच वर्षे याच इमारतीतून चालत आला. तिच्या दर्शनी भिंतीवर एक घड्याळ आहे. ठरावीक तासांना घड्याळाच्या दोन बाजूंच्या खिडक्या उघडतात. एका खिडकीत सेनापती टिली दिसतो. दुसऱ्या खिडकीत माजी नगराध्यक्ष नूश भलामोठा पेला तोंडाला लावतो. खाली जमलेली गर्दी माना वर करून मोबाइल उंचावते. शहराची पहिली ओळख अशी होते, आणि अनेकांच्या बाबतीत शेवटचीही तीच ठरते.

४/२३
गोष्ट अशी सांगितली जाते. तीस वर्षांच्या युद्धात, ऑक्टोबर १६३१ मध्ये, कॅथलिक पक्षाच्या टिलीने प्रॉटेस्टंट रोटेनबुर्ग जिंकले आणि शहराच्या नाशाची आज्ञा दिली. त्याला पाहुणचार म्हणून वाइनचा पेला देण्यात आला. सव्वातीन लिटरचा तो पेला पाहून त्याने पैज लावली : कोणी हा एका दमात रिकामा केला, तर शहर सोडून देईन. नूश पुढे झाला, पेला रिकामा केला आणि शहर वाचले. यातील पहिला भाग खरा आहे. टिलीने शहर घेतले होते. पेल्याची कथा मात्र त्या काळच्या वृत्तांतांत आढळत नाही. ती पुढे रुजलेली आख्यायिका आहे.

५/२३
ही आख्यायिका घराघरांत पोहोचली ती १८८१ मध्ये. आडाम ह्योर्बर नावाच्या स्थानिक काचकारागिराने तिच्यावर नाटक रचले आणि गावकऱ्यांनीच ते रंगवले. आजही दरवर्षी ख्रिस्ती पंचाशत्तमीच्या सणाला ते होते. घड्याळातील हलत्या आकृती तर १९१० च्या. म्हणजे सतराव्या शतकातील म्हणून जे दृश्य दाखवले जाते, त्याचा साज एकोणिसाव्या-विसाव्या शतकाचा आहे. आता बखरीचा प्रश्न विचारावा : नाटक १८८१ मध्येच का आले? उत्तर आठ वर्षे मागे सापडते. १८७३ मध्ये रोटेनबुर्गपर्यंत रेल्वेचा फाटा आला होता. पाहुणे येऊ लागले होते आणि पाहुण्यांना सांगायला एक गोष्ट हवी होती.

६/२३
मग प्रत्यक्षात शहर टिकले कशामुळे? याचे उत्तर पेल्याइतके रंगतदार नाही. ते आहे दारिद्र्य. १२७४ मध्ये राजा रुडॉल्फने रोटेनबुर्गला सम्राटाच्या थेट अधिकाराखालील स्वतंत्र नगराचा दर्जा दिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, हाइनरिश टोप्लर नगराध्यक्ष असताना, शहराचा उत्कर्ष शिगेला पोहोचला. तो टोप्लरही १४०८ मध्ये नगरभवनाच्या तळघरातील कोठडीत मरण पावला. पुढे तीस वर्षांच्या युद्धात सैन्यांचे मुक्काम, खंडण्या आणि रोगराई यांनी शहराचे कंबरडे मोडले. १८०२-०३ मध्ये ते बव्हेरियात विलीन झाले आणि स्वातंत्र्याचा दर्जाही गेला.

७/२३
इतर शहरांनी एकोणिसाव्या शतकात तटबंद्या पाडून रुंद रस्ते केले, कारखाने उभारले, जुन्या घरांच्या जागी नवी बांधली. रोटेनबुर्गकडे पाडायलाही पैसा नव्हता. प्रमुख व्यापारी वाटा दुसरीकडून गेल्या. जुने जपावे असे कोणी ठरवले म्हणून ते उरले नाही. नवे बांधणे परवडले नाही म्हणून उरले. पुढे कार्ल श्पिट्सवेगसारखे चित्रकार आले आणि त्यांना या उपेक्षेतच सौंदर्य दिसले. १८९८ मध्ये ‘जुने रोटेनबुर्ग’ जपण्यासाठी स्थानिक संस्था स्थापन झाली. जाणीवपूर्वक जतन सुरू झाले ते येथून. ‘काळ येथे थांबला’ हे वाक्य पर्यटनाच्या साहित्यात सर्वत्र भेटते. काळ थांबला नव्हता. गावाची गरिबी लांबली होती.

८/२३
एवढे समजल्यावर हातातील नकाशा निरुपयोगी ठरतो का? उलट, तो आता खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागतो. नकाशावर प्रेक्षणीय स्थळांना क्रमांक दिलेले असतात. क्षणभर ते क्रमांक विसरून गल्ल्यांची नावे वाचावीत. ‘हेर्नगासे’ म्हणजे सरदार-सावकारांची गल्ली. ती रुंद आहे आणि तिच्यातील घरे भव्य आहेत. ‘श्मीडगासे’ म्हणजे लोहारगल्ली. ‘श्पिटालगासे’ इस्पितळाकडे जाते. ‘गाल्गेनगासे’ म्हणजे फाशीच्या खांबाकडे जाणारी वाट. तिच्या टोकाच्या वेशीचे नावही तेच आहे. मध्ययुगीन नगराची सामाजिक रचना येथे कोणत्याही शोभिवंत फलकाशिवाय, पत्त्यांच्या रूपाने टिकून आहे.

९/२३
त्यांतील एक नाव विशेष लक्ष देण्याजोगे आहे : ‘आल्टर श्टाटग्राबेन’, म्हणजे जुना नगरखंदक. आज तेथे खंदक नाही, गल्ली आहे. नकाशावर ही गल्ली, तिच्या पुढची यूडेनगासे आणि त्यांच्या जवळचे मार्कुस मनोरा व पांढरा मनोरा यांना बोटाने जोडत गेले की एक कमान तयार होते. हीच शहराची पहिली, बाराव्या शतकातील तटबंदी. शहर वाढले तशी ती अपुरी पडली, खंदक बुजवला गेला, त्यावर घरे उभी राहिली. दुसरा, मोठा वेढा पुढच्या दोन शतकांत आकाराला आला आणि नंतर दक्षिणेकडचा इस्पितळाचा भाग शेपटासारखा जोडला गेला. साध्या पर्यटक-नकाशावर शहराची ही वाढ झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे मोजता येते.

१०/२३
ज्यांना किल्ल्यांची आवड आहे त्यांनी दक्षिण टोकाचा श्पिटाल बुरूज सावकाश पाहावा. इतर मनोरे उंच आणि सडपातळ आहेत. हा बसका, जाड आणि गोलाकार आहे. कारण स्पष्ट आहे. मनोरे धनुष्यबाणांच्या आणि शिड्यांच्या काळातले, तर हा तोफांच्या काळातला. उंच भिंत तोफेपुढे ढासळते, म्हणून बांधकाम बसके आणि जाड होत गेले. एकाच तटबंदीत युद्धतंत्राचे दोन काळ शेजारी उभे आहेत. उत्तरेला क्लिंगेन वेशीजवळ संत वोल्फगांग यांचे पंधराव्या शतकातील चर्च आहे. ते तटबंदीचाच भाग आहे. बाहेरून पाहिले तर जंग्या असलेली भिंत, आत गेले तर देवघर. ‘मध्ययुगीन’ या एका शब्दात हे सारे कोंबले की यांतील काहीच दिसत नाही.

११/२३
संत याकोब यांच्या चर्चमध्ये टिलमन रीमेनश्नायडर या शिल्पकाराने सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत पूर्ण केलेली लाकडी वेदी आहे. येशूच्या रक्ताचा थेंब मानल्या गेलेल्या पवित्र अवशेषासाठी ती घडवली गेली. त्या अवशेषाच्या दर्शनाला यात्रेकरू येत आणि यात्रेकरूंबरोबर पैसाही येई. म्हणजे बाहेरून येणाऱ्यांवर जगणे या शहराला मुळीच नवे नाही. यात्रेकरू गेले आणि पर्यटक आले, एवढाच बदल. म्हणून पर्यटनाला ‘खऱ्या’ इतिहासावरचा आधुनिक डाग समजणे चूक ठरेल. तोही या शहराच्या इतिहासाचा भाग आहे आणि त्याचीही इतर साधनांसारखी चिकित्सा व्हायला हवी.

१२/२३
चिकित्सा कशी करावी याचा एक चांगला नमुना शहरातच आहे. तेथील मध्ययुगीन गुन्हे आणि शिक्षा यांच्या संग्रहालयात प्रसिद्ध ‘लोहकुमारी’ आहे : स्त्रीच्या आकाराची पेटी, आत खिळे. अशा पेट्यांत मध्ययुगात माणसे कोंडून मारली जात, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस पसरली आणि एकोणिसाव्या शतकात तिला भरपूर प्रेक्षक मिळाले. आतील खिळे ही नंतरची भर होय. मूळ वस्तू बहुधा अपराध्याला अंगावर घालून मिरवण्याची, म्हणजे वेदनेपेक्षा बदनामीची होती. संग्रहालय ही गोष्ट लपवत नाही, स्वतःच समजावून सांगते. त्यामुळे पाहुणे कमी झालेले नाहीत. लोकांना दंतकथाच हवी असते, हा समज येथे खोटा ठरतो.

१३/२३
आता जरा अवघड भागाकडे वळू. मघाशी नकाशावर भेटलेली यूडेनगासे म्हणजे ज्यूंची गल्ली. बुजवलेल्या खंदकावर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती वसली. आज छायाचित्रांसाठी लोक तेथे थांबतात, कारण जुन्या घरांची रांग सुंदर दिसते. एका घराच्या तळघरात शुद्धिस्नानाचे जुने कुंड आहे. या गल्लीच्या आधीही शहरात ज्यू वस्ती होती आणि ती साधीसुधी नव्हती. तेराव्या शतकात रब्बी मेइर बेन बारुख येथे अनेक वर्षे राहिले. ते त्या काळातील जर्मन ज्यूंचे सर्वांत मोठे धर्मशास्त्री. दूरदूरच्या वस्त्यांतून त्यांच्याकडे निवाड्यासाठी प्रश्न येत. ज्यू परंपरेत ‘रोटेनबुर्ग’ हे नाव आजही प्रामुख्याने त्यांच्यामुळे ओळखले जाते. पेल्याशी त्याचा संबंध नाही.

१४/२३
१२८६ मध्ये देश सोडून जाण्याच्या प्रयत्नात असताना मेइर पकडले गेले आणि त्यांना राजाच्या कैदेत टाकण्यात आले. राजे ज्यूंना आपल्या खजिन्याची मालमत्ता समजत. एवढ्या मोठ्या माणसाने निघून जाणे म्हणजे खजिन्यालाच गळती. परंपरा सांगते की प्रचंड खंडणी देऊन सुटण्यास मेइर यांनी नकार दिला, कारण तसा पायंडा पडला असता तर पुढे प्रत्येक रब्बी पकडला गेला असता. १२९३ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. त्यांचा देह दफनासाठी मिळायला आणखी चौदा वर्षे जावी लागली. आणि हा राजा कोण? रुडॉल्फ. तोच, ज्याने १२७४ मध्ये रोटेनबुर्गला स्वतंत्र नगराचा दर्जा दिला. एकाच राजाच्या या दोन कृती शेजारी ठेवल्या की ‘स्वतंत्र नगर’ या शब्दांचा अर्थ बदलतो. स्वातंत्र्य होते, पण सर्वांसाठी नव्हते.

१५/२३
पुढे १२९८ मध्ये फ्रँकोनियात उसळलेल्या हत्याकांडांत रोटेनबुर्गमधील चारशेहून अधिक ज्यू मारले गेले. १३४९ च्या सुमारास, प्लेगच्या काळात, पुन्हा तेच घडले. वस्ती पुन्हा उभी राहिली, आणि १५२० मध्ये एका धर्मोपदेशकाच्या चिथावणीनंतर तिला कायमचे हाकलण्यात आले. सिनॅगॉगचे रूपांतर मेरीच्या प्रार्थनामंदिरात झाले. त्यानंतर साडेतीनशे वर्षे शहरात ज्यू समाज नव्हता. एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना जे ‘शांत, निर्मळ, जुने जर्मन गाव’ सापडले, ते या हकालपट्टीनंतरचे गाव होते. त्या शांततेला इतिहास होता, पण चित्रांत तो उतरला नाही.

१६/२३
एखाद्या शहराला ‘निर्मळ’ म्हणणे निरुपद्रवी वाटते. १९३० च्या दशकात ते तसे राहिले नाही. नाझी राजवटीला रोटेनबुर्गमध्ये आपल्या स्वप्नातील जर्मनी तयार सापडला : तटबंदीच्या आतला, परक्यांपासून सुरक्षित, एकजिनसी. राजवटीच्या ‘आनंदातून शक्ती’ या सहल-संघटनेने हजारो कामगारांना हे ‘आदर्श जर्मन नगर’ दाखवायला आणले. ज्या वेशींची छायाचित्रे पाहुणे काढत, त्यांच्यावर ज्यूंविरुद्ध फलक लावण्यात आले. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी शहरात उरलेल्या ज्यू रहिवाशांना हाकलण्यात आले. देशभरातील सिनॅगॉग जाळण्याची रात्र त्यानंतर अडीच आठवड्यांनी उजाडायची होती. रोटेनबुर्गने घाई केली होती.

१७/२३
येथे थोडे थांबून विचार करावा. हे कृत्य माहितीपत्रकांनी घडवले, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. द्वेषाची कारणे खोल आणि अनेक होती. तथापि पन्नास-साठ वर्षे एकच चित्र रंगवले गेले होते : येथे सारे पूर्वीपासून असेच आहे, येथे केवळ ‘आपलेच’ लोक राहत आले. रब्बी मेइर यांचे नाव, १२९८ चे मृत, १५२० ची हकालपट्टी ज्या चित्रात नव्हतीच, ते चित्र द्वेष करणाऱ्यांच्या हाती आयते लागले. गाळलेला इतिहास नुसता नाहीसा होत नाही. त्याच्या रिकाम्या जागेत कोणीतरी आपल्या सोयीचा इतिहास भरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी रोटेनबुर्गकडून घेण्याजोगा धडा हा आहे.

१८/२३
त्याच चित्राची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकी बाँबहल्ल्यात जुन्या शहराचा सुमारे ४० टक्के भाग आणि तटबंदीचा जवळपास ६०० मीटरचा पट्टा उद्ध्वस्त झाला. तीसहून अधिक माणसे मरण पावली. एप्रिलमध्ये अमेरिकी फौजा दाराशी आल्या तेव्हा तोफांचा मारा होणार होता. अमेरिकेच्या युद्ध खात्यातील जॉन मॅक्लॉय यांनी तो टाळण्यास सांगितले. त्यांच्या आईला हे शहर प्रिय होते आणि घरी त्याचे चित्र होते, असे सांगितले जाते. सैनिक पांढरे निशाण घेऊन बोलणीसाठी गेले. जर्मन अधिकाऱ्याने अखेरपर्यंत लढण्याची हिटलरची आज्ञा मोडून शहर सोडले. पर्यटकाने घरी नेलेल्या एका चित्राने उरलेले शहर वाचवले, असे म्हणायला जागा आहे.

१९/२३
म्हणून प्रतिमेला सरसकट खोटे ठरवून चालत नाही. तिच्यात बळ असते, आणि ते कोणत्या बाजूला वळेल हे तिच्यात काय दाखवले आहे यावर अवलंबून असते. युद्धानंतर पुनर्बांधणी झाली. जुन्या गल्ल्यांच्या रेषा, घरांची उंची आणि उतरती छपरे कायम ठेवण्यात आली. दर्शनी भाग मात्र साधे केले गेले. नकाशा घेऊन पूर्वेकडे गेल्यास हे सहज दिसते. तेथील भिंती सपाट आहेत, खिडक्या एकसारख्या आहेत, नक्षी कमी आहे. नैर्ऋत्येकडचा प्लोनलाइनचा प्रसिद्ध कोपरा हल्ल्यातून वाचला. पूर्वेकडची, तितकीच चित्रमय वाटणारी गेर्लाखची लोहारशाळा मात्र १९४५ नंतर पुन्हा बांधलेली आहे. दोन्हींच्या छायाचित्रांखाली ‘मध्ययुगीन’ हाच शब्द लिहिलेला आढळतो.

२०/२३
मग लोहारशाळा ‘नकली’ म्हणावी का? अनेक तरुण इतिहासप्रेमींना हा निकाल झटपट द्यावासा वाटतो. तो घाईचा आहे. पुन्हा बांधलेली वास्तू ही १९४५ नंतरच्या लोकांनी काय महत्त्वाचे मानले याचा अस्सल पुरावा असते. तटबंदीवर फांजीवरून चालताना भिंतीत बसवलेले दगड दिसतात. त्यांवर दात्यांची नावे आहेत, जपानपासून अमेरिकेपर्यंतची. भिंतीच्या एकेका मीटरसाठी त्यांनी देणगी दिली. हा दगड तेराव्या शतकाचा नाही, आणि तसे असल्याचा आवही तो आणत नाही. आपला काळ तो अंगावर मिरवतो. प्रत्येक वास्तूने एवढे केले तरी पुरे. वास्तू नवी असण्यात खोटेपणा नाही. तिचे नवेपण दडवण्यात आहे.

२१/२३
यावर एक आक्षेप नेहमी येतो. लोक सुट्टीवर येतात, दोन तास फिरतात, साखर भुरभुरलेला ‘बर्फाचा गोळा’ नावाचा तळलेला पदार्थ खातात आणि परत जातात. त्यांच्यावर हत्याकांडांचे ओझे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. आनंद हा गुन्हा नाही, आणि पर्यटन माहिती केंद्राचे काम विद्यापीठाचे नाही. पण लोहकुमारीची हकिकत याला उत्तर देते. खरी गोष्ट सांगितल्याने पाहणाऱ्याचा रस उणावत नाही, वाढतो. शिवाय शहराच्या संग्रहालयात ज्यू थडग्यांचे मध्ययुगीन दगड आज सन्मानाने मांडलेले आहेत. माहिती उपलब्ध आहे. फक्त ती मागावी लागते. केंद्रातील माणसाला ‘मुख्य स्थळे कोणती?’ या प्रश्नाबरोबर ‘ज्यूंच्या शहराच्या खुणा कुठे?’ आणि ‘१९४५ नंतर बांधलेले कोणते?’ हेही विचारावे. जे पाहुणे विचारतात, तेच पुढच्या पत्रकात छापले जाते.

२२/२३
कोणत्याही जुन्या शहरात उपयोगी पडेल अशी चार प्रश्नांची पद्धत यातून मांडता येते.
◾ हे कधी बांधले, आणि शेवटचे कधी बांधले? दोन्ही तारखा हव्यात.
◾ ही गोष्ट प्रथम कोणी आणि केव्हा सांगितली? घटनेचे वर्ष आणि गोष्टीचे वर्ष यांतील अंतर मोजावे.
◾ हे टिकले का? प्रेमाने, दारिद्र्याने, योगायोगाने की पैशाने?
◾ येथे कोण राहत होते आणि आज त्यांचे नाव कुठे उरले आहे? गल्लीच्या पाटीवर, संग्रहालयात, की कुठेच नाही?
पहिले तीन प्रश्न वास्तूंचे आहेत. चौथा माणसांचा आहे, आणि पत्रकात तोच सर्वांत कमी विचारलेला असतो.

२३/२३
रोटेनबुर्ग जरूर पाहावे. पर्यटन माहिती केंद्रात जावे, नकाशा घ्यावा, पेल्याची गोष्ट ऐकावी आणि हसावेही. मग तोच नकाशा उलगडून बुजलेल्या खंदकाच्या रेषेवरून चालत जावे. यूडेनगासेत पोहोचल्यावर घरांची रांग सुंदर दिसेल, कारण ती खरोखरच सुंदर आहे. तेथे उभे राहून रब्बी मेइर यांचे नाव आठवावे, आणि १२९८, १५२० व १९३८ ही तीन वर्षे. शहराचे सौंदर्य त्याने कमी होणार नाही. फक्त ते रिकामे उरणार नाही.

#इतिहास #मराठी #धागा